रंगीत तालीम घरीच करा

गॅदरिंगचे आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे पोशाख शिवण्यात माझी हयात गेली. हल्ली येणारी पत्रं मात्र झाशीच्या राणीच्या पोशाखाबद्दल कमी आणि जपानी ॲनिमेतल्या पात्रांबद्दल जास्त असतात. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला, निघालेल्या वाचकांची पाच पत्रं यावेळी घेतली आहेत.

ताई, मला ‘डीमन स्लेयर’मधली नेझुको व्हायचं आहे. ऑनलाइन तयार ड्रेस महाग पडतो आणि आई म्हणते, टेलरकडे टाक. घरी जमेल का? (अकरावीतली विद्यार्थिनी, सक्करदरा)

जमेल, आणि आईलाच मशीनवर बसव. नेझुको घालते तो किमोनो, आणि त्याच्याइतका सोपा पोशाख दुसरा नाही. मुंढ्याचा बाक नाही, टक्स नाहीत, कळ्या नाहीत. सरळ पट्ट्या कापायच्या, सरळ शिवायच्या. ४४ इंच पन्ह्याचं गुलाबी पॉपलिन साडेचार मीटर आणि वरच्या हाओरीसाठी गडद तपकिरी तीन मीटर घे. आधी आपल्या नागपूरच्या बुधवार बाजारात कटपीस बघ, नाहीतर गांधीबागेत थानातून कापून मिळेल. सॅटिन घेऊ नकोस. फोटोत ते चमकतं, पण मुंबईच्या दमट हवेत तासाभरात अंगाला चिकटतं.

तिच्या किमोनोवरची ताऱ्यासारखी नक्षी म्हणजे असानोहा. ती भांगेच्या पानावरून घेतलेली आहे. ते झाड सरळ आणि झपाट्याने वाढतं, म्हणून जपानात तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर ही नक्षी काढायची रीत होती. जुन्या प्लास्टिक फोल्डरवर ती एकदा नीट कापून घे आणि फॅब्रिक कलर स्पंजने टिपत जा. ब्रशने ओढलास तर रंग कडेखाली शिरतो. नेसताना डावी बाजू वर येऊ दे. उजवी बाजू वर घेऊन किमोनो नेसवतात तो मृत माणसाला. हे ज्यांना ठाऊक आहे अशी पुष्कळ मुलं तिथे भेटतील.

नेझुकोच्या तोंडात असतो तो बांबू खरा नको. फोमची पोकळ नळी करून हिरवी रंगव, रिबिनीने मानेमागे बांध आणि ओठांच्या पुढे राहील अशी बसव. दातात धरून दिवस निघत नाही. बोलता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी पूर्ण वेशात रंगीत तालीम करतात. तू निघण्याच्या आठ दिवस आधी कर. टोप, चपला, बांबू सगळं चढवून सलग तीन तास घरात वावर. जिना चढ-उतर, मांडी घालून जेव, हात वर कर, संडासला जाऊन ये. जिथे काचतं, जिथे सुटतं, ते खडूने खुणावून ठेव आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर. आठ दिवस त्यासाठीच ठेवायचे. आदल्या रात्री तालीम केली तर चूक कळते, पण सुधारायला वेळ उरत नाही.

चिलखत केलं, पण रंग द्यायच्या आधीच सांधे उकलले. पाठीवर पंखही लावायचे आहेत. आणि हे सगळं रेल्वेत न्यायचं कसं? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, उमरेड रोड)

दादा, पत्रासोबतच्या फोटोत चूक दिसली. तू एकाच बाजूला गोंद लावून लगेच दाबलंस. फोमचं काम रबरी गोंदाने करायचं, आपण चपलेला लावतो तसल्या. दोन्ही कडांना पातळ थर दे आणि थांब. दहा मिनिटांनी बोट लावून पाहा. बोटाला चिकटेनासा झाला की मग कडा जुळव. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून एका टोकापासून बोटाबोटाने जुळवत जा. खिडक्या उघड्या ठेव, त्या वासाने डोकं चढतं. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नकोस. हा गोंद आणि स्प्रे पेंट दोन्ही त्याला खातात. चपलेचा तळ करतात तो ईव्हीए फोम घे. छातीला १० मिलिमीटर, हाताला ५ मिलिमीटर. लहान मुलांच्या खेळायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या चटया त्याच फोमच्या असतात. पहिला प्रयोग त्यांच्यावर केलास तर पैसे वाया जात नाहीत. रंगाआधी फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून दोन-तीन हात दे, म्हणजे फोम रंग पीत नाही.

पंखांसाठी मला मारबतीची आठवण होते. शंभराहून अधिक वर्षं नागपुरात बांबूच्या सांगाड्यावर कागद चढवून माणसापेक्षा कितीतरी उंच मारबती आणि बडग्यांचे पुतळे उभे राहतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दीतून फिरतात. सारी करामत सांगाड्याच्या हलकेपणात आहे. बुरडाकडून पातळ कामट्या आण, रात्रभर भिजव, वाकवून बांध, वाळू दे. लोखंडी तारेच्या पंखांनी तासाभरात खांदे भरून येतात. त्या तारेचं टोक शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, तेही लक्षात घे. वजन खांद्यावर नको, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं.

पंख बिजागरीने दुमडणारे कर. माझ्या भाच्यासाठी मी एकदा अखंड पंख केले होते. नागपूर स्टेशनवर डब्याच्या दारातून ते आत जाईनात, आणि गाडी सुटायला पाच मिनिटं असताना मी ते मधोमध कापले. तो मुलगा मुंबईपर्यंत बोलला नाही. त्याचा तो चेहरा आठवतो म्हणून आता कुठलाही तुकडा हाताच्या लांबीपेक्षा मोठा करत नाही. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतो रात्रभर धावून सकाळी पोचवते. सामान बर्थखाली राहील अशा खोक्यात भर, तलवार-बंदुकीसारखं काही असेल ते पूर्ण गुंडाळून ने आणि प्रवास साध्या कपड्यांत कर. धातूचं, धार असलेलं काही नको. प्रवेशाशी तपासणी होते आणि आयोजकांची नियमावली दरवर्षी वाचावी लागते.

सोबत एका लहान डब्यात रबरी गोंदाची ट्यूब, सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि काळी चिकटपट्टी ठेव. दुपारी दोन वाजता यातलं काही ना काही लागतंच.

दहावीतली मुलगी हट्ट धरून बसली आहे. हे वेशांतर म्हणजे नक्की काय आणि तिथे मुली सुरक्षित असतात का? (एक वडील, हनुमाननगर)

दादा, तुम्हाला तान्हा पोळा आठवतो ना? लाकडी नंदी घेऊन, कुणी कृष्ण, कुणी शेतकरी होऊन मुलं निघतात आणि आपण कौतुकाने बघतो. आवडत्या पात्राचा वेश घेऊन आपल्यासारख्या आणखी कुणाला तरी भेटायचं, इतकंच हे आहे. परदेशात १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथांच्या संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस असे दोघे भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून आले होते. ते दोन्ही पोशाख मर्टलबाईंनीच तयार केले होते. माझ्या धंद्यातल्या बाईचं हे नाव मला फार जवळचं वाटतं. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईतही आला.

सुरक्षिततेचं विचारलंत ते योग्यच. गर्दी मोठी असते. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनने २०१४ साली जागोजागी फलक लावले होते की वेश म्हणजे संमती नव्हे. मुलीला हेच शब्द शिकवा. कुणी फोटो मागितला तर ‘नको’ म्हणायचा तिला हक्क आहे. फोटो देताना कुणी खांद्यावर हात टाकला तर तो बाजूला करायचा, ओशाळायचं नाही. तिनेही विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणाच्या टोपाला, पंखाला हात लावायचा नाही. आत शिरताच चुकामूक झाल्यावर भेटायची एक जागा ठरवा, कारण गर्दीत फोन लागत नाही. तुमचा नंबर कागदावर लिहून तिच्या खिशात ठेवा. किमोनोला खिसा नसतो, तो आतून शिवून घ्यावा लागतो!

आणि दादा, तुम्हीही सोबत जा. दारात सोडून बाहेर बसू नका.

चेहरा निळा करायचा आहे. पोस्टर कलर चालेल? रंगीत लेन्स मैत्रिणीकडून आणणार आहे. (बी.ए.ची विद्यार्थिनी, महाल)

दोन्ही नको. चेहऱ्याला फक्त मेकअपचाच रंग लाव, तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहून. खाज आली तर बेत बदल. लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून स्वतःच्या मापाची घे. दुसऱ्याने वापरलेली कधीच नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक. नातू कॉमिक कॉनला चल म्हणतो. माझ्याजवळ मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे बरेच जुने अंक आहेत, ते न्यावेत का? आणि या वयात मी वेश करावा का? (सक्करदरा)

गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंक नेऊ नका. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं, तो कागद आता चुरतो. घामट हातांत आणि गर्दीत त्याची पानं सुटतील. त्यांना आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवे, उन्हापासून दूर ठेवा. मुखपृष्ठांचे फोटो मात्र फोनमध्ये न्या. चित्रकारांच्या टेबलांशी बसलेल्या तरुणांना ते दाखवा. ती मुलं स्वतः काढलेली चित्रं छापून विकायला बसतात. चार टेबलं पाहा, आवडेल ते घ्या आणि कृपा करून भाव करू नका. सुटे पैसे जवळ असू द्या.

वेश अवश्य करा. तुमच्यासाठी तर तयारच आहे. चित्रकार प्राण यांनी १९७१ साली चाचा चौधरी काढला, तो म्हाताराच होता. लाल पगडी, पांढऱ्या मिशा, जाकीट, हातात काठी. तिथे वीस-बावीस वर्षांची मुलं कापूस चिकटवून चाचा होतात. तुमच्या मिशा खऱ्या आहेत. काठी लाकडी असते, म्हणून ती चालेल का ते नियमावलीत आधी बघा. चालत नसेल तर फोमची मी करून देईन. पगडीला पाच मीटर मलमल लागेल, पण ती तिथे बांधत बसू नका. पुठ्ठ्याच्या टोपीवर बसवून टाकेन, म्हणजे उकडलं की काढून ठेवता येईल.

नातू किती उंच आहे ते कळवा. त्याला चाचांचा धिप्पाड सोबती साबू करायचा तर जोडे जाड तळाचे लागतील आणि त्यांत चालायची सवय त्याला महिनाभर आधीपासून करावी लागेल.