जुन्या गाडीचा कार्बोरेटर : आधी ओळख, मग स्क्रू

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात अजूनही काही व्यापारी बंधूंकडे पद्मिनी, ॲम्बेसेडर अथवा जुनी मारुती ८०० उभी आहे. कोणी हौसेने जपली आहे, कोणी लग्नाच्या वरातीला भाड्याने देतो. गाड्या राहिल्या, पण कार्बोरेटरचे उस्ताद कमी झाले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. नवे शागीर्द इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेले असतात. गाडी घाट चढेना, की दिसेल तो स्क्रू ते फिरवतात. पेट्रोल जास्त झाले तर खिशाला चाट बसते. कमी झाले तर इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात आणि हेड खोलण्याची पाळी येते.

मी धंद्याने कापडवाला. ताग्याची किनार पाहिल्याशिवाय आम्ही भाव करीत नाही. कार्बोरेटरचेही तसेच आहे. गाडीच्या नावावर विसंबू नये, कारण तीस-चाळीस वर्षांत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून कोणता कार्बोरेटर आणून बसवला गेला असेल, याचा नेम नाही.

कार्बोरेटरवर घुमटासारखी उभी टोपी, तिच्या माथ्यावर लहान झाकण, आणि हवा आडवी आत जात असेल तर तो एसयू. जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरवर तो आढळतो. घुमटाच्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावरचा नंबर हीच त्याची ओळख. अनेक मिस्त्री साफसफाईत ती फेकून देतात, हे मोठे नुकसान. हवा वरून खाली जात असेल आणि अंगावर सोलेक्स हे नाव ओतलेले असेल, तर मागचा आकडा वाचावा. ३२ म्हणजे बटरफ्लाय ज्या नळीत फिरते तिचा व्यास ३२ मिलिमीटर. मेन जेटवर ११५ असेल तर भोक १.१५ मिलिमीटर. हा आकडा वाढला की पेट्रोल वाढते. एअर जेटचे मात्र उलट, आकडा वाढला की हवा वाढते आणि पेट्रोलचे प्रमाण घटते. जेटमध्ये तार घालून भोक साफ करणाऱ्याला दुकानाबाहेर ठेवावे. तारेने पितळ झिजते, आणि मग त्यावरचा आकडा खोटा ठरतो. जेट हवेच्या फुंकरीनेच साफ करावे. मारुतीच्या मिकुनीत व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे असते, तो विषय वेगळा.

ट्यूनिंगला हात घालण्यापूर्वी टॅपेट, पॉइंटची गॅप, टायमिंग, प्लग व एअर फिल्टर ठीक करून घ्यावेत. निम्म्या गाड्यांचा दोष इथेच निघतो, असा माझा तजुर्बा आहे. नंतर इंजिन स्लोवर ठेवून बटरफ्लायच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना तेलाचा थेंब सोडावा. चाल क्षणभर बदलली तर दांडा झिजला आहे व तेथून हवा शिरते आहे. अशा कार्बोरेटरचे ट्यूनिंग टिकत नाही.

सोलेक्समध्ये मिक्श्चर स्क्रू कोठे आहे ते पाहावे. तो बटरफ्लायच्या खाली, बुडाच्या फ्लँजजवळ असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढते. वर, हवेच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर घटते. शागीर्द चुकतो तो येथेच. इंजिन गरम करून बुडाजवळचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्यावा, जोर लावला की टोक बिघडते. मग दीड फेरा बाहेर काढून, थोडा थोडा फिरवत चाल सर्वांत जास्त होईल तेथे थांबावे. वाढलेली चाल स्लो स्क्रूने उतरवून पुन्हा तेच करावे.

एसयूमध्ये जेटचा नट खाली असतो. तो वर चढवला की पेट्रोल घटते, खाली उतरवला की वाढते. बाजूच्या पिनने आतला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. चाल वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागले तर कमी. किंचित वाढून पूर्ववत झाली की काम बरोबर. घुमटातील तेल पाहायला विसरू नये. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी हिसका खाते.

आता आपल्या भागाची गोष्ट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. येथे हवा मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के विरळ, म्हणून मुंबईत ट्यून केलेल्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण येथे सुमारे ३ टक्के वाढते. त्याच्या उलट आजचे पेट्रोल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर गाडी साधारण ८ टक्के पेट्रोल कमी असल्यासारखी चालते. घाटात गाडी ओढत नाही, इंजिन तापते, त्याचे एक कारण हे. घाट चढून प्लग काढून पाहावेत. विटकरी-तपकिरी असतील तर काही करू नये. पांढरे पडले असतील तर मेन जेट एक पायरी वाढवावे. ११५ चे १२० केले की भोकाचे क्षेत्र सुमारे ९ टक्के वाढते. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे.

इथेनॉलने जुने रबरी पाइप नरम पडून चिरतात, ते नव्या जातीचे घालावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर बंद राहिली, तर इथेनॉल ओल शोषते आणि टाकीत पाणी खाली बसते. अशा वेळी आधी फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. खंडाळ्याच्या चढावर उन्हात गाडी बंद पडली तर दोष ट्यूनिंगचा नसेल, पाइपात पेट्रोलची वाफ धरली असेल. सुती कापडाचा तुकडा भिजवून पंप व पाइपावर ठेवावा, दहा मिनिटे थांबावे. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नये.

शेवटची तपासणी पीयूसीवाल्याच्या यंत्रावर करावी. जुन्या, म्हणजे भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. दाखला घेऊन लगेच निघू नये. पीयूसीवाल्याला चार पैसे जास्त द्यावेत, नळी सायलेन्सरमध्ये ठेवायला लावावी आणि आकडा पाहत पाहत आपल्या मिस्त्रीकडून स्क्रू लावून घ्यावा.