कोंबड्यांचे खुराडे : स्वच्छता व रक्तशोषक किडींचा बंदोबस्त

पनवेल तालुक्यातील खांदेश्वरचा परिसर एके काळी भातखाचरांचा होता. 1970 साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर या भागात वसाहती उभ्या राहिल्या, पुढे रेल्वे आली, आणि 2016 साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. तथापि जुन्या गावठाणांतील व डोंगराकडील खेड्यांतील परसातून कोंबड्यांचे खुराडे अद्याप नाहीसे झालेले नाही. पाच-दहा कोंबड्या म्हणजे घरातील मुलांना अंडी आणि गृहिणीच्या हाती चार पैसे. ही लहानशी मिळकत पुष्कळदा रोगाने नव्हे, तर खुराड्यातील अस्वच्छतेने बुडते.

पुढील प्रसंग अनेक घरांत घडतो. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली जाते. आठ-दहा दिवसांनी ती रात्री अंडी सोडून उठू लागते. तिचा तुरा फिकट पडतो, अंडी थंड होऊन वाया जातात, आणि एखादे दिवशी कोंबडीही टोपलीत मेलेली आढळते. घरची माणसे हवेला, नशिबाला किंवा कोणाच्या नजरेला दोष देतात. खरा अपराधी मात्र त्याच टोपलीच्या विणीत व खुराड्याच्या फटीत लपलेला असतो.

शत्रूची ओळख

खुराड्यात मुख्यतः चार प्रकारचे उपद्रवी जीव आढळतात. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात व पिसांच्या बुडाशी अंडी घालतात. लाल कोळी हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा आठ पायांचा जीव होय. तो दिवसा फटीत राहतो, रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितो व पहाटेपूर्वी परत जातो. उबदार हवेत सुमारे आठवड्याभरात त्याची एक पिढी पुरी होते. कोंबडीचा गोचीडही असाच निशाचर आहे. त्याची लहान पिले पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात, मोठे गोचीड मात्र रात्रीच रक्त पितात. कोरड्या हवेच्या भागात त्याचा उपद्रव अधिक असतो. चौथी माशी होय. ती रक्त पीत नाही, परंतु ओल्या विष्ठेत वाढते आणि घाणीतून अन्नावर बसून रोगजंतू पसरविते.

गोचिडामुळे केवळ रक्त जाते असे नाही. तो स्पायरोकीटोसिस नावाचा रोगही पसरवितो. या रोगात ताप येतो, कोंबडी फार पाणी पिते, हिरवट हगवण लागते व पाय लुळे पडतात. ही लक्षणे मानमोडीसारखी दिसत असल्याने पुष्कळांची फसगत होते. मानमोडीची लस वेळेवर टोचलीच पाहिजे, परंतु तिने हा रोग टळत नाही. वेळीच ओळखल्यास या रोगावर औषध आहे. म्हणून आजारी कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी व खुराड्यात गोचीड असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

रात्रीची पाहणी

दिवसा खुराडे झाडून पाहिल्यास ते निर्दोष वाटते. ग्रामसेवकाने किंवा पशुपालकाने अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन खुराड्यात जावे. बसण्याच्या दांडीची खालची बाजू, खिळ्यांच्या जागा, टोपलीची वीण आणि कोंबडीचे पंख नीट पाहावेत. दांडीवर पांढरे वस्त्र फिरविल्यास रक्ताचे तांबडे डाग उमटतात. ते लाल कोळ्याची खूण समजावी.

बंदोबस्ताची रीत

प्रथम सकाळी कोंबड्या बाहेर काढून जुने तूस, पेंढा व गोणपाट उचलावे. गोणपाटाच्या घडीत कीड लपते, सबब ते उकळत्या पाण्यात बुडवावे अथवा जाळून टाकावे. भिंती व लाकूड खरवडून फटींत उकळते पाणी ओतावे. ज्योतीचा उपयोग पत्र्याच्या व लोखंडी खुराड्यातच करावा, गवती छपराजवळ कदापि करू नये. खुराडे उन्हात वाळल्यावर फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवून चुन्याची दाट सफेदी द्यावी. लाल कोळ्याची अंडी मागाहून फुटत असल्याने हेच काम आठवड्याने पुन्हा करणे आवश्यक आहे. एकदाच साफसफाई करून थांबणाऱ्याचे श्रम व्यर्थ जातात.

बसण्याची दांडी भिंतीला टेकू देऊ नये. तिला स्वतंत्र पाय करून ते जुने तेल घातलेल्या डब्यांत ठेवावेत. फटीतून निघालेली कीड तेल ओलांडू शकत नाही. परसात राख व कोरडी माती यांचे खोके ठेवावे. त्यात लोळून कोंबड्या अंगावरील उवा स्वतःच कमी करतात.

खुराडे रिकामे ठेवल्याने कीड मरते, ही समजूत चुकीची आहे. लाल कोळी उपाशी कित्येक महिने व मोठा गोचीड वर्षाहून अधिक काळ जगू शकतो. साफसफाई न करता बंद खुराड्यात नवी पिले सोडणे म्हणजे भुकेल्या शत्रूपुढे ताट वाढणेच होय.

पूर्वीच्या काळी गॅमेक्झिनची भुकटी सर्रास वापरीत. तिच्यावर 1997 पासून बंदी आहे. शेतातील फवारणीची उरलेली औषधेही खुराड्यात वापरू नयेत, कारण त्यांचा अंश अंड्यात उतरू शकतो. औषधाची गरज भासल्यास त्याचे नाव, प्रमाण आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे.

पावसाळ्यातील दक्षता

कोकणातील पावसात भाताचे तूस ओलसर होऊन त्याची ढेपळे बनतात, अमोनियाचा वास सुटतो व माश्या वाढतात. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे व पावसाची झड आत येऊ नये. तूस दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करावे, ओले झालेले तत्काळ काढावे. उबदार हवेत माशीची पिढी साधारणतः सात ते दहा दिवसांत पुरी होते, म्हणून विष्ठा आठवड्यातून दोनदा उचलल्यास माशी तयार होण्यापूर्वीच तिची वाढ खुंटते. उचललेले खत झाकलेल्या खड्ड्यात कुजवावे. भाजीपाल्यास ते उत्तम मानवते.

खांदेश्वरसारख्या ठिकाणी परसाला लागूनच इमारत असते. तेथे घाण व माश्या यांवरून शेजाऱ्यांची तक्रार आली की कोंबड्या विकण्याची पाळी येते. महानगरपालिकेच्या हद्दीतील नियम आधीच विचारून घ्यावेत, आणि तक्रारीस जागाच राहणार नाही इतकी स्वच्छता राखावी.

ग्रामसेवकांनी प्रत्येक गावी एका घरचे खुराडे निवडून वरील रीत गृहिणींच्या समक्ष करून दाखवावी, आणि रात्रीची पाहणी त्यांच्याच हातून करवावी. फटीतून बाहेर पडणारी कीड ज्या गृहिणीने स्वतः पाहिली, तिला आठवड्याने पुन्हा चुना लावण्याची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही.