दिसले काय, लिहिले काय

या सत्रात आमच्या इंग्रजीच्या सरांनी आम्हाला एक वेगळा निबंध दिला. त्याचे नाव ‘निरीक्षण निबंध’. कॉलेजात गेल्यावर असे निबंध लिहायला लावतात, तुम्ही आत्ताच हात चालवून बघा, असे ते म्हणाले. एक जागा निवडायची, तिथे अर्धा तास बसायचे, जे दिसेल, ऐकू येईल, वासाने कळेल ते टिपायचे आणि त्यावरून पाचशे शब्द लिहायचे. मला वाटले, यात काय अवघड आहे? ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझा आवडता सण’ असले निबंध मी चौथीपासून लिहीत आलो आहे.

हा निबंध मला दोनदा लिहावा लागला. का, ते सांगतो. पुढच्या वर्षी तो तुमच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला येणारच आहे.

मी जागा निवडली मेसची, वेळ रात्रीच्या जेवणाची. माझ्या रोजच्या टेबलावर बसलो, जेवता जेवता पाहिले आणि प्रेपमध्ये निबंध लिहून टाकला. तो इंग्रजीत होता, पण त्यातली वाक्ये साधारण अशी होती: ‘रोटी वाढणारे भैया आळशी आहेत. आमच्या टेबलाकडे ते मुद्दाम दुर्लक्ष करतात. तीनदा हाक मारली तरी वळत नाहीत.’

वही परत आली तेव्हा गुण नव्हते. ‘आळशी’, ‘मुद्दाम’ आणि ‘दुर्लक्ष’ या तीन शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात एकच प्रश्न होता: हे तुला कुठे दिसले?

मला राग आला. कारण ते खरेच होते! आमचे सगळे टेबल तेच म्हणत होते. आठवड्यापूर्वी आम्ही मेसच्या तक्रारवहीत तसे लिहिलेही होते. खाली आठ सह्या, त्यातली तिसरी माझी. ते भैया कंत्राटावर आहेत आणि महिन्याच्या शेवटी ती वही वाचली जाते, हे आम्हाला माहीत होते. पण त्याचा विचार सही करताना कोणी केला नव्हता.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले ‘पाहिले’, उजवीकडे ‘वाटले’. मग म्हणाले, “तुझे एकेक वाक्य उचल आणि योग्य रकान्यात टाक.” माझ्या निबंधात अडतीस वाक्ये होती. डाव्या रकान्यात अकरा गेली. ‘तीनदा हाक मारली, ते वळले नाहीत’ हे डावीकडे. ‘मुद्दाम’ उजवीकडे. म्हणजे अर्धा तास बसून मी जे लिहिले, त्यातले बरेचसे मी न बसताही लिहू शकलो असतो.

हा निबंध अवघड का जातो, यावर मी नंतर विचार केला. मला तीन कारणे सापडली.

पहिले म्हणजे, आपल्या हाताला गोष्ट रचायची सवय असते. आपले अकरावी-बारावीचे सीनियर्स एसएसबीची तयारी करताना चित्र बघून गोष्ट लिहितात. चित्र तीस सेकंद दिसते आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. आधी काय घडले, पुढे काय होईल, हे तिथे आपल्या मनाने भरायचे असते. निरीक्षण निबंधात नेमके तेच भरायचे नसते.

दुसरे कारण विशेषणांचे. ‘आळशी’ हा शब्द वर्णनासारखा दिसतो, पण तो निकाल आहे. ‘हळू चालत होते’ हे वर्णन. ‘स्वयंपाकघरापासून शेवटच्या टेबलापर्यंत बावीस पावले चालले’ हे त्याहून चांगले वर्णन.

तिसरे कारण जागेचे. मी माझ्याच टेबलावर, भुकेल्या पोटी बसलो होतो. तिथून फक्त मला न मिळालेली रोटी दिसत होती. एनसीसीच्या फील्डक्राफ्टच्या तासाला आपल्याला जमीन बघायला शिकवतात: आधी जवळची, मग मधली, मग दूरची. एका झाडावर नजर खिळली तर बाकीचे मैदान हातचे जाते, हेही सांगतात. हलणारी वस्तू आधी दिसते, म्हणून न हलणारी मुद्दाम शोधावी लागते. हे मला पाठ होते. ते मेसमध्येही वापरायचे असते, हे मात्र सुचले नव्हते.

दुसऱ्या वेळी मी परवानगी घेऊन ड्युटी कॅडेट्सबरोबर आधीच जेवलो आणि हात धुण्याच्या बेसिनजवळ, कोपऱ्यात, वही घेऊन बसलो. पहिली पाच मिनिटे वाया गेली, कारण मुले माझ्याकडे बघून हसत होती. निरीक्षण करणारा दिसला की समोरचे बदलतात, हीसुद्धा एक अडचण आहे. मग सगळे आपापल्या ताटाकडे वळले.

मी हाका मोजायला लागलो. ‘भैया, रोटी!’ अशी हाक आली की एक रेघ. भैया कुठे होते, हाक कुठून आली, ते वळले की नाही, एवढेच. अर्ध्या तासात चौदा हाका झाल्या. सात त्यांच्या उजवीकडून, सात डावीकडून. उजवीकडच्या सातही हाकांना ते वळले. डावीकडच्या सातांपैकी फक्त दोनांना. आणि त्या दोन्ही वेळा हाक मारणाऱ्याने हातही वर केला होता.

आमचे टेबल ते भरलेली टोपली घेऊन निघतात तेव्हा डावीकडे येते. परत येताना ते उजवीकडे येते. तेव्हा ते लगेच वळतात, पण टोपली रिकामी असते. ते ‘लाता हूँ’ म्हणतात आणि पुन्हा भरून आणेपर्यंत आमची ताटे उचलायची वेळ होते. आम्ही त्याला ‘मुद्दाम’ म्हणत होतो.

उजव्या रकान्यात मी लिहिले: ‘डाव्या कानाने कमी ऐकू येत असावे.’ सरांनी ते वाचले आणि म्हणाले, “हेही अजून उजव्या रकान्यातच आहे, लक्षात ठेव. आणि हे वर्गात वाचायचे असेल, तर आधी त्यांना विचार.”

हे सगळ्यात कठीण गेले. रविवारी दुपारी मेस रिकामी असताना मी गेलो. ते डाळ निवडत होते. मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो. विचारल्यावर ते हसले. म्हणाले, “बायाँ कान तोपखाने में छोड़ आया, बेटा.” ते तोफखान्यात होते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. आम्ही रोज सलामी कोणाकोणाला देतो, आणि त्यांना मात्र ‘भैया, रोटी’ एवढेच. लिहू का, विचारल्यावर म्हणाले, “लिखो, नाम मत लिखना.” म्हणून इथेही नाव नाही.

याच सुमारास लायब्ररीत सालिम अलींच्या सुगरण पक्ष्यांच्या अभ्यासाविषयी वाचले. 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी ही घरटी बारकाईने पाहिली. सुगरणीची काही घरटी अर्धवट विणलेली लटकत असतात. बघणाऱ्याला सहज वाटेल, पक्षी कंटाळला असेल. पण नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ती त्यात राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो पुढचे घरटे विणायला घेतो. नापसंत घरटी तशीच राहतात. हे एका नजरेत कळण्यासारखे नाही. ते दिवसेंदिवस बघत बसले, म्हणून कळले. मला माझा ‘आळशी’ हा शब्द आठवला.

दुसऱ्या निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले. शेवटच्या परिच्छेदात मी ‘यावरून आपण काय शिकलो’ असे लिहिले होते. तो परिच्छेद सरांनी पूर्ण खोडला आणि लिहिले, ‘वाचकाला कळले आहे.’

ज्युनियर्ससाठी चार गोष्टी सांगतो. पानावर उभी रेघ आधी मारा, मग बसा. ओळखीची जागा निवडली तर बसायची बाजू बदला. काहीतरी मोजा: हाका, पावले, मिनिटे, काहीही. मोजायला लागले की मत आपोआप गप्प बसते. आणि माणसावर लिहिणार असाल, तर निबंध देण्याआधी त्या माणसाशी बोला.

तक्रारवहीतले पान फाडता येत नाही. त्यामुळे आमच्या जुन्या तक्रारीखाली मी दुसरी नोंद केली: वर लिहिलेले चुकीचे आहे, भैया उजव्या बाजूने आलेली प्रत्येक हाक ऐकतात, आमचे टेबल डावीकडे आहे. तारीख घातली. आठपैकी सात जणांनी सही केली. आठवा तेव्हा सिक रूममध्ये होता, त्याने बाहेर आल्यावर केली.

आता आमच्या टेबलावर कोणी ओरडत नाही. आम्ही हात वर करतो. रोटी गरम असतानाच मिळते.