व्हिएन्ना की बुडापेस्ट?

१८९८ सालच्या डिसेंबरात सतरा वर्षांचा बेला बार्तोक व्हिएन्नाच्या संगीतविद्यालयात परीक्षा देऊन आला. त्याची निवड तर झालीच, शिवाय शिष्यवृत्तीही देऊ करण्यात आली. घरची स्थिती पाहता ही गोष्ट लहान नव्हती. बेला सात वर्षांचा असतानाच त्याचे वडील निवर्तले होते. त्याची आई पाउला ही शिक्षिकेचे काम करून दोन मुलांना वाढवीत होती. पियानोचे पहिले धडेही त्याला तिनेच दिले होते.

हे कुटुंब त्या वेळी हंगेरीतील पोझोन्य नगरात राहत असे. आज ते ब्रातिस्लावा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. तेथून व्हिएन्ना सुमारे ६० किलोमीटर. बुडापेस्ट त्याहून पुष्कळ दूर. शिवाय व्हिएन्ना म्हणजे साम्राज्याची राजधानी, मोझार्ट आणि बेथोव्हेन यांची कर्मभूमी! पाश्चात्य संगीतात रचनाकार आपल्या कृतीचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो. ही विद्या शिकू इच्छिणाऱ्या मुलाने अन्यत्र कशाला जावे?

परंतु बेलाच्याच शाळेतून चार वर्षांनी वडील असलेला एर्नो दोहनान्यी बुडापेस्टच्या संगीत अकादमीत गेला होता. ही अकादमी १८७५ मध्ये स्थापन झाली आणि विख्यात पियानोवादक फेरेन्त्स लिस्त हे तिचे पहिले अध्यक्ष होते. दोहनान्यीने बेलालाही तेथेच येण्याचा सल्ला दिला. १८९९ च्या जानेवारीत बेलाने लिस्त यांचे शिष्य इश्तवान तोमान यांच्यापुढे पियानो वाजविला. तोमान यांनी त्याला तत्काळ शिष्य म्हणून स्वीकारले. हाती आलेली शिष्यवृत्ती सोडून सप्टेंबरात बेला बुडापेस्टला दाखल झाला.

तेथे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. प्रकृतीने त्याला वारंवार दगा दिला. संगीतरचना शिकविणारे हान्स कोसलर हे स्वतः जर्मन. स्वदेशाच्या ओढीने आलेल्या बेलाला येथेही जर्मन वळणच गिरवावे लागले! त्याच्या रचना त्यांना पसंत पडेनात. हळूहळू बेलाचे लेखन जवळजवळ थांबले. ज्या विद्येसाठी घर सोडले, तीच हातून निसटू लागली. पुढे १९०२ मध्ये बुडापेस्टच्या एका मैफलीत त्याने रिचर्ड स्ट्राउस यांची एक भव्य रचना ऐकली आणि त्याची लेखणी पुन्हा चालू लागली. वर्गात जे साधले नाही, ते एका संध्याकाळी साधले.

१९०४ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातून आलेल्या एका मोलकरणीच्या तोंडून त्याने खेड्यातील गाणे ऐकले. असे सूर कोणत्याही वर्गात त्याच्या कानी पडले नव्हते. १९०५ मध्ये झोल्तान कोदाय याच्याशी त्याचा परिचय झाला. दोघेही कोसलर यांचेच विद्यार्थी, परंतु ओळख झाली ती अकादमी सोडल्यावर! मग फोनोग्राफ घेऊन दोघे खेड्यापाड्यांतून गाणी गोळा करू लागले.

१९०७ मध्ये बार्तोक त्याच अकादमीत पियानोचा प्राध्यापक झाला. संगीतरचना शिकविण्यास मात्र त्याने जन्मभर नकार दिला.