शेरा मिळाला, काम राहिलं

आमच्या वस्तीतल्या तुंबलेल्या नाल्याचा अर्ज आमदारांच्या हाती पडला तो एका उद्घाटनाच्या मांडवात, शाल-श्रीफळाच्या गर्दीत. अर्ज कसला, जाहीरनामाच होता तो: नाला, पथदिवे, राज्य महामार्गावरचा गतिरोधक, रेल्वे फाटकाजवळचा भुयारी मार्ग, सगळं एकाच कागदावर. साहेबांनी उभ्या उभ्या पेन काढलं आणि कोपऱ्यात शेरा मारला, 'तातडीने कार्यवाही व्हावी'. खाली सही. टाळ्या झाल्या, फोटो ग्रुपवर फिरला. पावसाळ्यात पाणी पुन्हा घरांत.

कार्यवाही कोणी करायची, हे ना शेऱ्यात होतं ना अर्जात. पुढे चौकशीला गेलो तेव्हा साहेबांच्या पीएनं समजावलं, "काका, एका कागदावर चार खाती आली की तो कागद कुठल्याच फायलीत जात नाही." मांडवातल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे वाक्य कामाचं होतं. नाला नगरपालिकेचा, म्हणजे नगरसेवक आणि मुख्याधिकारी. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिथे आमदारांचं पत्र चालतं. रेल्वेसाठी खासदार.

म्हणून एका विषयाला एकच अर्ज. तोही आधी संबंधित कार्यालयात द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर पोचेची झेरॉक्स जोडून लोकप्रतिनिधीकडे जावं. मग त्यांना 'अमुक तारखेच्या अर्जावर काय केलंत' असं अधिकाऱ्याला नेमकं विचारता येतं. नुसत्या शेऱ्याचं कार्यालयात फारसं कोणाला वाटत नाही, दिवसभर तेच येत असतात. लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या पदनामानं लिहिलेलं पत्र मागा. त्याचा जावक क्रमांक पीएकडून घ्या. (पीएशी नीट बोलावं. साहेब दौऱ्यावर असतात, कागद त्याच्याकडे असतो.)

निधीच्या बाबतीतही गैरसमज फार. 'खासदार फंडातून करून द्या' असं आपण सहज म्हणून जातो. खासदाराला वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. शिवाय हा निधी टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी. नाल्यातला गाळ काढणं हे नगरपालिकेचं नेहमीचं काम, त्यासाठी दिल्लीपर्यंत जाऊ नये.

'मतदानावर बहिष्कार'चा फलक लावणारेही आमच्याकडे होते. निवडणुकीच्या तोंडावर त्यानं धावपळ होते, एखादा जेसीबीही येतो. पण निकालानंतर त्या फलकाला विचारतो कोण? मला तरी तो मार्ग पटत नाही; ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याच्याशी बोलण्याची वाट आपणच बंद करतो.

अधिकारी दादच देत नसतील तर आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना द्यायची विनंती करावी. सभागृहात उत्तर मंत्र्याला द्यावं लागतं, त्यामुळे खालच्या कार्यालयातून माहिती मागवली जाते आणि धूळ खात पडलेली फाईल हलते. मात्र प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावण्यात अर्थ नसतो. हिवाळी अधिवेशनासाठी विषय द्यायचा असेल, तर तारखा, फोटो आणि पोचेच्या प्रती जोडून कागद दिवाळीच्या आधीच पोचवा.