बेथेल जवळ आहे, पण तेथे जाऊ नका

शास्त्रपाठ: 1 राजे 11:29-38, 12:25-33, 2 इतिहास 11:13-17

प्रियांनो, तडजोड क्वचितच उघड बंडाच्या रूपाने आपल्या दाराशी येते. बहुतेक वेळा ती सोय म्हणून येते. इस्राएलचा राजा यराबाम याच्या जीवनातून आज आपण हे शिकणार आहोत.

1. वचन मिळाले होते, पण भीती मोठी झाली

यराबाम शलमोनाचा एक सेवक होता. अहीया संदेष्ट्याने त्याच्यासमोर नव्या वस्त्राचे 12 तुकडे केले आणि त्यांतले 10 त्याला दिले. देव त्याला 10 वंशांचे राज्य देणार होता. शिवाय, त्याने देवाच्या आज्ञा पाळल्या तर देव त्याचे घराणे स्थिर करणार होता. ई.स.पूर्व 930 च्या सुमारास राज्य खरोखरच त्याच्या हाती आले. देवाने आपला शब्द पाळला होता.

तरी यराबाम मनात म्हणू लागला, की लोक यज्ञासाठी यरुशलेमेस जात राहिले तर त्यांचे मन पुन्हा रहबामाकडे वळेल आणि ते मला ठार मारतील. जे राज्य देवाने दिले ते देवच राखील, एवढा भरवसा त्याला ठेवता आला नाही. तडजोडीचे मूळ येथे आहे. आज्ञा मोडण्याआधी आपण देवाच्या वचनावर शंका घेतो.

2. भीतीने सोयीचे रूप घेतले

यराबामाने आपली भीती लोकांना सांगितली नाही. यरुशलेमेपर्यंतचा प्रवास तुम्हांला फार जड आहे, अशी त्याने काळजी दाखवली. मग सोन्याची दोन वासरे केली. एक उत्तरेला दान येथे ठेवले आणि दुसरे दक्षिणेला बेथेल येथे. लक्षात घ्या, बेथेलपासून यरुशलेम 20 किलोमीटरांहूनही कमी होते, म्हणजे एका दिवसाच्या चालीवर!

त्याने उपासना बंद केली नाही. वेदी होती, याजक होते, सणही होता. मात्र याजक लेवी वंशाचे नव्हते, आणि सातव्या महिन्याच्या सणाऐवजी त्याने आठव्या महिन्याचा 15 वा दिवस आपल्याच मनाने ठरवला होता. बाहेरून सर्व काही धार्मिक दिसत होते, पण देवाची आज्ञा त्यातून निघून गेली होती.

आपल्या जीवनातही बेथेल असते. रविवारी आपण स्तुती गातो आणि सोमवारी दुकानात खोटे बिल फाडतो. ‘सगळेच देतात’ म्हणून लाच देतो. ज्याला क्षमा करायची त्याला टाळतो आणि त्याबदली मंडळीत जास्त सेवा करतो. प्रार्थना चालूच असते, म्हणून आपण बिघडलो आहोत हे आपल्याला कळतही नाही.

3. ज्यांनी किंमत मोजली

त्याच काळात दुसरे लोकही होते. यराबामाने लेव्यांना याजकपणातून काढून टाकले, तेव्हा ते आपली शिवारे व वतने सोडून यहूदात आले. त्यांच्यामागून इतर वंशांतले, ज्यांनी मनापासून परमेश्वराला शोधण्याचा निश्चय केला होता, तेही यरुशलेमेस यज्ञ करायला आले. जमीन सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना सांगायला नको. आज्ञापालन त्यांना स्वस्त पडले नाही, पण त्यांच्या येण्याने यहूदाचे राज्य तीन वर्षे बळकट राहिले.

4. वासरे पुढच्या पिढ्यांना भोवली

येहू राजाने बआलाची पूजा इस्राएलातून नाहीशी केली, पण सोन्याची वासरे तशीच ठेवली (2 राजे 10:28-29). मोठे पाप काढणे आणि सोयीचे पाप राखणे, हेही अर्धेच आज्ञापालन. ई.स.पूर्व 722 च्या सुमारास शोमरोन पडले, तेव्हाही त्या नाशाच्या कारणांत शास्त्र यराबामाच्या पापाचे नाव घेते. एका माणसाच्या भीतीची किंमत 200 वर्षांनंतरही लोक मोजत होते. आईवडिलांनो, आज आपण घरात जी सवलत घेतो, तिलाच उद्या आपली मुले रीत समजतील.

आता काय करावे?

आज्ञापालनाने आपण तारण कमावत नाही. प्रभू येशू वधस्तंभाच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, म्हणून आपण देवाची लेकरे झालो. आता लेकरांसारखे त्याचे ऐकायचे आहे. या आठवड्यात शांत बसून स्वतःला विचारा:

- कोणत्या भीतीमुळे मी देवाच्या वचनापेक्षा सोयीचा मार्ग धरला आहे?
- माझे कोणते ‘वासरू’ अजून उभे आहे?
- आज्ञा पाळताना मला काय सोडावे लागेल?

उत्तर सापडले, तर ते प्रभूला सांगा आणि त्याच दिवशी पहिले पाऊल टाका. तो क्षमा करतो आणि चालण्याचे बळही देतो. प्रभू आपणांस विश्वासू राखो. आमेन.