निवाऱ्यातील मायाळू कुत्र्यास नवे घर : विचार आणि कार्यपद्धती

शिक्षण, शिष्यवृत्ती, व्यसनमुक्ती, आरोग्य हे आपल्या स्मरणिकेचे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला एका मुक्या प्राण्याविषयीचा लेख पाहून काही सभासद बंधू-भगिनींना नवल वाटेल. वस्तुतः हा विषय आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या बाजूने येतो. वसतिगृहाच्या, महाविद्यालयाच्या वा रुग्णालयाच्या आवारात जी कुत्री वर्षानुवर्षे राहतात, त्यांना भाकरतुकडा घालणारे हात बहुधा विद्यार्थ्यांचेच असतात. अशी कुत्री पकडून निवाऱ्यात नेली जातात, तेव्हा पुढे त्यांचे काय होते आणि आपण काय करू शकतो, एवढ्याच मुद्द्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न आपला आहे काय?

प्रथम एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्याच घरात ऐकू येतो. "ज्यांच्या वाडवडिलांना कुत्र्याहून हीन वागविले गेले, त्यांनी कुत्र्याची चिंता का करावी?" हा आक्षेप पोकळ नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. तो मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी ते पाणी हाती घेतले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गांधीजींशी झालेल्या भेटीतही बाबासाहेबांनी कुत्र्यामांजराहून वाईट मिळणाऱ्या वागणुकीची वेदना स्पष्ट शब्दांत मांडली होती.

परंतु विचार केला तर दिसेल की, तो दोष कुत्र्याचा नव्हता. जनावराला पाणी आणि माणसाला विटाळ, ही रेघ माणसानेच ओढली होती. आपला लढा त्या रेघेशी आहे, तहानलेल्या जिवाशी नाही. म्हणूनच १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवरील दयेला स्वतंत्र स्थान आहे. ज्याला जागा नाकारली गेली, त्याला जागेचे मोल अधिक कळते, असे आम्हांस वाटते.

दुसरा आक्षेप भीतीचा. तोही खरा आहे. कुत्रा चावतो तेव्हा बहुधा पायी चालणाऱ्या मजुराला, सायकलवरच्या मुलाला चावतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. यास्तव माणसाची सुरक्षितता प्रथम, हे सूत्र आम्ही सोडणार नाही. मात्र नसबंदी झालेला, लस टोचलेला आणि जबाबदार घरी गेलेला कुत्रा हा या सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

कायद्याची आजची स्थिती

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार जनावरास उपाशी, तहानलेले ठेवणे हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे, तसेच आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्यात मालकाने हयगय करू नये, असेही हा कायदा सांगतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये सजीवांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले आहे. हे कलम १९७६ साली घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले.

भटक्या कुत्र्यांसाठी २००१ साली व नंतर २०२३ साली प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. पकडणे, नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे आणि जेथून आणले तेथेच परत सोडणे, अशी ही पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दिल्ली परिसराबाबत हीच पद्धत मान्य केली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री तीतून वगळली. इच्छुकांना पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, परंतु तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची, असेही त्या आदेशात म्हटले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असे सांगण्यात आले.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. आवारातून उचललेल्या कुत्र्याला जुनी जागा परत मिळत नाही. त्याच्यापुढे दोनच शक्यता उरतात : जन्मभर निवाऱ्याचा पिंजरा, किंवा एखादे घर.

मायाळूपणा कोठून आला?

समजा, एका वसतिगृहाच्या आवारात तीन वर्षे राहिलेली एक तांबूस कुत्री आहे. तिला लाली म्हणू. मुलांनी ताटातील अर्धी भाकरी तिला दिली, परीक्षेच्या रात्री ती पायरीवर झोपली, कोणालाही पाहिले की शेपटी हलवत आली. आज ती निवाऱ्यात आहे. जाळीपाशी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती आशेने पाहते.

लालीचा हा स्वभाव आपोआप झाला नाही. माणसावर विश्वास ठेवावा, हे तिला आपण शिकविले. विश्वास शिकवून नंतर पाठ फिरविणे योग्य नव्हे. या कामातील आपली नैतिक जबाबदारी येथून सुरू होते.

आता अडचण पाहा. आपल्या मराठवाड्यात कुत्रा मागणारा मनुष्य बहुधा राखणदार मागतो. "भुंकतो का? अंगावर जातो का?" हे त्याचे पहिले प्रश्न. मायाळू कुत्रा त्याला निकामी वाटतो. दुसरा वर्ग जातिवंत कुत्रा मागतो. लातूर भागात कारवान जातीची शिकारी कुत्री हौसेने पाळतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. या दोन्ही कसोट्यांवर लाली मागे पडते. म्हणून तिच्यासाठी घर शोधावे लागते, ते आपोआप चालून येत नाही.

या ठिकाणी कुक्कुर जातकाची आठवण होते. राजाच्या रथाच्या चामडी वाद्या रात्री कुत्र्यांनी खाल्ल्या. राजाने चौकशी न करता नगरातील सर्व कुत्री मारण्याचा हुकूम दिला, फक्त राजवाड्यातील जातिवंत कुत्री वगळली. कुत्र्यांचा नायक असलेल्या बोधिसत्त्वाने दरबारात जाऊन, राजवाड्यातील कुत्र्यांना ताक आणि गवत खाऊ घालण्यास सांगितले. त्यांनी चामडे ओकून टाकले आणि दोषी कोण ते सिद्ध झाले. कुळ पाहून निवाडा करू नये, परीक्षा करून करावा, हा त्या कथेचा बोध आजही उपयोगी आहे.

घर देण्यापूर्वीची तपासणी

१) कुत्र्याची परीक्षा : अनोळखी माणूस, लहान मूल, दुसरे कुत्रे, ताटाजवळ आलेला हात, मोठा आवाज, या प्रत्येक वेळी ते कसे वागते हे निवाऱ्यातील सेवकाच्या देखरेखीखाली पाहावे. खोडी असेल तर लपवू नये. लपविलेली खोडी महिन्याभरात उघडी पडते आणि कुत्रे परत येते.

२) आरोग्य : नसबंदी, रेबीजची लस, जंताचे औषध व गोचिडांचा उपचार झाल्याची नोंद हाती असावी. रेबीजची लस पुढेही पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे टोचून घ्यावी लागते. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि शेजारी परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

३) खरा सांभाळणारा कोण : हा मुद्दा आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे. शेतमालक आखाड्यासाठी कुत्रे मागतो, पण त्याला भाकरी घालतो सालगडी. म्हणून सालगड्याशी आणि त्याच्या घरच्या बाईशी बोलल्यावाचून कुत्रे देऊ नये. सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते. तो गेला तर कुत्र्याचे काय, हे आधी विचारावे. शहरात घर भाड्याचे असेल तर घरमालकाची संमती घ्यावी.

४) स्थलांतर : कंधार, मुखेड भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यात परततात. अशा घरी माया कमी नसते, पण सहा महिने दाराला कुलूप असते. मागे राहणारे म्हातारे माणूस सांभाळणार असेल तरच द्यावे. नाही म्हणताना कोणाच्या गरिबीचा अपमान होणार नाही, याची काळजी घ्यावी.

५) पाणी व सावली : २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवते. पत्र्याखाली बांधलेले कुत्रे दुपारी दगावू शकते. सावलीची जागा आणि पाण्याचे भांडे डोळ्यांनी पाहून यावे.

६) घरातील सर्वांची संमती : एकट्या मुलाच्या हट्टापायी कुत्रे देऊ नये. आजीला भीती वाटत असेल तर तिची भीती हे पुरेसे कारण समजावे.

पहिले तीन महिने

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारी परिसरातील गावेच्या गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर मिळणे आणि घरात रुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लातूरकरांना सांगण्याची गरज नाही. माणसाचे दुःख आणि जनावराचे दुःख आम्ही एका तागडीत तोलत नाही, परंतु जागा बदलल्यावर जीव बावरतो हे दोघांनाही लागू आहे.

अनुभवी मंडळी एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रे घाबरलेले असते. खात नाही, कोपऱ्यात बसते, संधी मिळताच पळते. या काळात पट्टा सोडू नये, पाहुणे बोलावू नयेत, मुलांनी अंगाशी झोंबू नये. तीन आठवड्यांत त्याला घरचे वेळापत्रक कळते. तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. कित्येक कुत्री पहिल्या पंधरवड्यातच परत आणली जातात, कारण घरच्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आहार साधा असावा. ज्वारीची भाकरी वा भात, त्यात अंडे किंवा बिनतिखटाचे मटण यांची भर घालावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत. शिजविलेल्या कोंबडीची हाडे घशात वा आतड्यात रुततात. आपल्या स्वयंपाकातील फोडणीचे उरलेसुरले देऊ नये ते याचसाठी.

कुत्रे परत आले तर घरच्यांना दोष देत बसू नये. रस्त्यावर सोडण्यापेक्षा परत आणून देणे केव्हाही बरे. "नाही जमले तर आमच्याकडे आणून द्या, कोणी बोलणार नाही," हे वाक्य देतानाच सांगावे. समितीच्या दोन सभासदांनी आठव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी घरी जाऊन यावे.

चावा झाल्यास

कुत्रे ओळखीचे असो वा लस टोचलेले असो, चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी, मधली मात्रा चुकवू नये. जखमेवर हळद, चुना वा मिरची लावू नये. मंत्र-तंत्र करणाऱ्याकडे गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

समारोप

वर्षाकाठी एका कुत्र्यास चांगले घर मिळाले, तर त्याने शहराचा प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. शहराचा प्रश्न नसबंदी, लसीकरण आणि कचऱ्याची व्यवस्था यांनीच सुटेल, आणि त्यासाठी नांदेड व लातूर या दोन्ही महानगरपालिकांकडे पाठपुरावा करणे हे नागरिकांचे काम आहे. परंतु जाळीआडून आपल्याकडे पाहणाऱ्या लालीपुढे शहराचा प्रश्न नसतो. ज्या हाताने भाकरी दिली तो हात पुन्हा येतो की नाही, एवढीच तिची वाट असते. विद्यार्थी मित्रांनी आधी निवाऱ्यात जाऊन तिला भेटून यावे. मग घर शोधावे, आणि घाई करू नये.

विचारार्थ प्रश्न

१) आवारातील कुत्र्याला खाऊ घालणाऱ्याची जबाबदारी कोठे सुरू होते व कोठे संपते?
२) आखाड्यासाठी कुत्रे मागणाऱ्या शेतकऱ्यास आपण कोणते तीन प्रश्न विचाराल?
३) कुक्कुर जातकातील राजाची चूक आजच्या कोणत्या व्यवहारात दिसते?
४) आपल्या वस्तीतील कोणत्या घरी कुत्रे देऊ नये असे आपणांस वाटते, आणि ते न दुखावता कसे सांगाल?